वरचं पाणी, खालचं पाणी

मला कावीळ झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि खराडीत दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आधी चार-पाच दिवस ताप, मग जेवणाचा वासही नकोसा, आणि मग एका सकाळी ऑफिसच्या वॉशरूममध्ये आरशात माझेच डोळे मला हळदीचे दिसले. मॅनेजरला मेसेज टाकला, बॅग भरली आणि हडपसरहून दौंडची गाडी पकडली.

घरात पाऊल टाकल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "काय खाल्लं होतंस?" आजीचा त्याला जोडून दुसरा, "आन् कुठं खाल्लं होतंस?"

पुढचे तीन आठवडे हाच प्रश्न मला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने विचारला. मामांनी निकाल देऊन टाकला, पाणीपुरी. मी पाणीपुरी खाल्ली नव्हती असं नाही. पण पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की, चौकशी कायम माझ्या तोंडापाशी येऊन थांबते. ही कावीळ ज्या विषाणूने होते तो एका माणसाच्या विष्ठेतून निघतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो. प्रवासाला दोन टोकं आहेत. तोंडाच्या टोकाला जो माणूस असतो त्याला सगळे प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या टोकाला कोण होतं, त्याची घाण पाण्यात कशी आली, मधली व्यवस्था कुणाची होती, हे माझ्या आजारपणात एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

आजीने काविळीची माळ आणली. ती डोक्यात घालायची आणि जसजशी ती लांबत खाली उतरेल तसतशी कावीळ उतरते, असं म्हणतात. माळ खरोखरच लांबत गेली. कावीळही उतरत गेली. दोन्ही गोष्टी आपापल्या कारणाने झाल्या, पण आजीला समाधान मिळालं आणि मला त्रास काही झाला नाही.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही गावातल्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "हेपेटायटिस ए. औषध काही नाही. आराम कर, दारू नको, मनाने गोळ्या घेऊ नकोस." मी विचारलं, आईला लागण होईल का, ती माझी भांडी धुते, कपडे धुते. डॉक्टर हसले. "आईला? तिला लहानपणीच होऊन गेली असणार. कळलंही नसेल." मग आईकडे वळून म्हणाले, "तुमचं माहेर कुठलं?"

आईचं माहेर शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर.

"नदीचं पाणी प्यायचात ना?"

"नदीचंच. दुसरं कुठलं आणायचं?"

"मग झालं तर."

हेपेटायटिस ए या विषाणूची गंमत अशी की, तो सहा वर्षांखालच्या मुलांना झाला तर बहुतेकांचे डोळेही पिवळे होत नाहीत. एखादा दिवस ताप, थोडी कुरकुर, आणि आयुष्यभराचं संरक्षण. मोठ्या माणसाला झाला तर मात्र बहुतेकांना कावीळ होते, काहींना दवाखान्यात दाखल व्हावं लागतं आणि थोड्यांचं यकृत पूर्ण निकामी होतं. आईने लहानपणी नदीचं पाणी प्यायलं आणि ती सुरक्षित झाली. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. तिथे नळाचं पाणी होतं, आणि ते नळाचं पाणीसुद्धा आई रोज उकळून, गाळून, थंड करून भरायची. तिच्या त्या काळजीमुळे मी सव्विसाव्या वर्षापर्यंत कोरा राहिलो आणि मग एकदम आडवा झालो.

आईचं संरक्षण घाणीतून आलं आणि माझा आजार स्वच्छतेतून. हे एकदा डोक्यात शिरल्यावर निघेना. हा लेख म्हणजे त्याच वाक्याशी मी घातलेला वाद आहे.

*

मला कुठल्याही गोष्टीचा विचार करायचा तर आधी डेटा लागतो. तो पेशाचा दोष आहे. बरा झाल्यावर मी शनिवार-रविवारचा एक उद्योग सुरू केला. २००४ साली आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. कुठल्या जिल्ह्यात कुठली साथ आली याच्या आठवड्याच्या याद्या तो पीडीएफमध्ये प्रसिद्ध करतो. त्या याद्यांमधली काविळीची नोंद प्रोग्रॅम लिहून बाहेर काढायची आणि देशाच्या नकाशावर मांडायची, असा बेत होता. खाली वर्षांचा स्लायडर असेल. तो सरकवला की जिल्हे लाल होतील, विझतील. कावीळ देशभर कशी फिरते ते दिसेल.

नकाशा झाला आणि दिसलाही छान. पण बघता बघता दोन गोष्टी खटकायला लागल्या.

पहिली गोष्ट कुठल्याही प्रोग्रॅमरला पहिल्या वर्षी शिकवतात. शून्य आणि नल यात फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. माझ्या नकाशावर दोन्हींचा रंग एकच होता, पांढरा. जिथे प्रयोगशाळा आहे, जागा असलेला वैद्यकीय अधिकारी आहे, वेळेवर भरलेले तक्ते आहेत, तो जिल्हा लाल होत होता. जिथे माणसं माळ घालून घरीच बरी होतात, किंवा होत नाहीत, तो जिल्हा स्वच्छ दिसत होता. नकाशा आजाराचा होता तेवढाच मोजणाऱ्यांचाही होता. मी पांढऱ्या जिल्ह्यांना करडा रंग देऊन पाहिला, तेव्हा देश एकदम वेगळा दिसायला लागला.

दुसरी गोष्ट केरळची. साक्षरता, दवाखाने, संडास, सगळ्यात पुढे असलेलं राज्य, आणि हेपेटायटिस एच्या मोठ्या साथी तिथे. २०२४ मध्ये मलप्पुरम आणि एर्नाकुलम जिल्ह्यांत अशा साथी आल्या, तेव्हा आजारी पडलेल्यांत धडधाकट मोठी माणसं होती. याचं एक कारण नोंदणी चांगली, हे आहेच. पण दुसरं कारण डॉक्टरांनी माझ्या आईला विचारलेल्या प्रश्नातलंच. केरळमधली मुलं घाण पाणी न पिता मोठी झाली. त्यामुळे मोठ्यांची एक अख्खी पिढी कोरी राहिली. आणि पाण्यातला विषाणू मात्र संपलेला नव्हता. एखादी विहीर, एखाद्या लग्नातलं सरबत, तेवढं पुरेसं होतं.

हे पुण्यात आधीच टिपलं गेलं होतं. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातल्या शहरी आणि ग्रामीण लोकांच्या रक्तनमुन्यांची तुलना केली होती. शहरातल्या सुस्थितीतल्या घरांमध्ये हेपेटायटिस एची प्रतिपिंडं वर्षागणिक कमी होत गेलेली दिसली. खेड्यातलं चित्र फारसं बदललेलं नव्हतं. अभ्यास प्रसिद्ध झाला २००१ साली. तेव्हा मी चालायला शिकून फार दिवस झाले नव्हते, आणि पुढे त्या आलेखावरचा एक बिंदू होणार होतो.

*

इथून एक निष्कर्ष अगदी सहज निघतो, आणि तो माझ्या मामांनी लगेच काढला. "बघ, म्हणून म्हणतो, थोडी घाण पोटात गेलेली बरी. आमी पाटाचं पाणी प्यायलो, काय झालं आमाला?"

ह्या युक्तिवादातली गफलत मला आईनेच दाखवली, तीही नकळत. ती म्हणाली, "आम्ही सात भावंडं होतो." मला पाच माहीत होती. दोन जण दोन वर्षांचे व्हायच्या आत हगवणीने गेले होते. त्याच नदीचं पाणी पिऊन. मामांच्या युक्तिवादात मत द्यायला जे हजर आहेत ते सगळे वाचलेले आहेत. जे गेले त्यांचं मत कुणी मोजत नाही. तेही नलच.

आणि त्या पाण्यात एकच विषाणू नव्हता.

१९५५ च्या शेवटी दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्यातलं मैलापाणी उलटं फिरून वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. पाण्यात क्लोरीन वाढवला गेला, त्यामुळे टायफॉइडसारखे जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत. कावीळ मात्र फुटली. २९ हजारांवर लोक पिवळे पडले, आणि गरोदर बायका मोठ्या संख्येने दगावल्या. त्या वेळी सगळ्यांनी ही नेहमीचीच संसर्गजन्य कावीळ मानली. पण काही रुग्णांचं रक्त जपून ठेवलं गेलं. पंचवीस वर्षांनी पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या श्रीनिवासन, प्रसाद आणि खोर्शेद पावरी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर ते तपासलं, तेव्हा कळलं की हा ए नाही आणि बीही नाही. त्याच सुमारास काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीचा अभ्यास करणारे डॉ. मोहम्मद खुरू ह्याच निष्कर्षाला आले होते. १९८३ मध्ये मिखाईल बलायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सैनिकांच्या विष्ठेचा अर्क दह्यात मिसळून स्वतः खाल्ला, आजारी पडला, आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणू शोधून काढला. पुढे त्याला हेपेटायटिस ई हे नाव मिळालं.

हा ई, एसारखा वागत नाही. लहानपणी होऊन जाऊन माणसाला मोकळा करत नाही. आपल्याकडे तो मुख्यतः तरुण माणसांना गाठतो. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर साथीमध्ये शंभरातल्या वीस-पंचवीस बायकांचा जीव घेतो. असं का होतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. चीनमध्ये त्यावर लस आहे, २०११ मध्ये तिथे तिला मान्यता मिळाली. आपल्या दवाखान्यांत ती मिळत नाही.

हे मी वाचलं त्या आठवड्यात आजीला विचारलं, आपल्या घरात कुणी काविळीने गेलंय का? आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी धाकटी जाऊ गेली की. आठवा चालू होता." साल तिला सांगता येईना. उजनीचं पाणी अडलं त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षी, म्हणजे १९८० च्या आसपास. चार दिवसांत गेली, मूलही गेलं. मी विचारलं, लोक काय म्हणाले? "काय म्हननार. डोहाळे लई होते तिला. तेलकट खायची. सासूनं सांगून ऐकलं न्हाई."

म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीही चौकशी तोंडापाशीच थांबली होती. तिला ई झाला होता असं मी आज सिद्ध करू शकत नाही. पण मेलेल्या बाईच्या माथी भजी मारायला कुणालाही पुरावा लागला नव्हता.

हे सगळं फार जुनं नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. पंचगंगेचं प्रदूषण आणि फुटक्या जलवाहिन्या यांची चर्चा तिथे आधीपासून होतीच. हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. विषाणू ई होता.

तेव्हा आईचं संरक्षण घाणीतून आलं हे खरं असलं तरी घाणीने ते कुणालाही दान दिलेलं नव्हतं. तिने सरसकट वसुली केली आणि काहींना पावती दिली. आणि माझा आजार स्वच्छतेतून आला हेही अर्धवटच खरं आहे. तो अर्धवट स्वच्छतेतून आला. माझ्या घरातलं पाणी स्वच्छ होतं आणि बाहेरचं नव्हतं. दोन्ही घाण असतं तर मी लहानपणीच लागण होऊन विसरलो असतो, किंवा दुसऱ्या कशाने मेलो असतो. दोन्ही स्वच्छ असतं तर विषाणू माझ्यापर्यंत आलाच नसता. धोका मधल्या पायरीवर आहे. आणि ती मधली पायरी म्हणजेच आपण सध्या करतोय ती गोष्ट, आपापल्या घरापुरतं पाणी शुद्ध करणं.

*

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा लागला होता, पावसाळा तोंडावर. आलेख पाहिलेला माणूस जे करेल ते मी केलं. सगळ्यात महागातलं वॉटर प्युरिफायर घेतलं, आईला बजावलं की हिचं पाणी तरीही उकळायचं, बाहेरून बर्फ आणायचा नाही, कोथिंबीरसुद्धा उकळलेल्या पाण्यानेच धुवायची. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मी हेच करत होते, मला काय शिकवतोस?"

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येतात. त्यांची सूनही त्याच वेळी पोटुशी होती, माझ्या बहिणीच्या पुढे-मागेच. मावशी आमच्या प्युरिफायरकडे बघून म्हणाल्या, "लई भारी हाय दादा. पानी गोड लागतं का?" आई रोज त्यांना दोन बाटल्या भरून द्यायला लागली. मावशी त्या घरी न्यायच्या. पण दोन बाटल्यांत सून दिवसभर पाणी पिणार, की तिचा नवरा पिणार, की आधीचा नातू? चांगुलपणा संपायची जागा आमच्या घरात नेमकी दोन लिटरवर होती.

मी त्यांच्या गल्लीत गेलो होतो. पाणी ठरावीक वेळी येतं. नळाचा पाइप गटारातून गेलेला आहे, जागोजागी चिंध्या आणि ट्यूब गुंडाळलेल्या. पाणी सुरू असतं तेव्हा आतल्या दाबाने ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की आत पोकळी होते आणि गटार आत ओढलं जातं. काविळीच्या गावोगावच्या साथी बऱ्याचदा अशाच सुरू होतात.

हे पाहून मला माझा एक सोयीस्कर समज सोडावा लागला. तोवर मी सगळा विचार नदीच्या भाषेत करत होतो. पुणे वर, दौंड खाली. मुळा-मुठा पुण्यातून निघते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, तिथून दोन्ही काठांनी शिरूर-दौंडची गावं, मग दौंड, मग उजनीचा फुगवटा. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आषाढीला तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा होतं. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते. वारकरी पायी जातात आणि पुण्याचं सांडपाणी नदीतून जातं, दोघांची गाठ वाळवंटात पडते. आई सांगते, तिच्या लहानपणी नदीचा तळ दिसायचा. आता त्याच घाटावर जलपर्णीत पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा दोषी पुणेकर, पीडित दौंडकर, असा माझा हिशेब होता. मी आठवड्यातले पाच दिवस दोषी आणि शनिवार-रविवार पीडित.

पण दौंड शहराचं पिण्याचं पाणी नदीच्या पात्रातून येत नाही, कालव्यातून येतं. मावशींच्या सुनेला कावीळ झालीच असती तर ती खराडीच्या मैल्यामुळे नाही, तिच्याच गल्लीतल्या, कदाचित आमच्याच क्वार्टरच्या गटारामुळे झाली असती. वरचं आणि खालचं फक्त नदीला नसतं. ते पाइपला असतं, गल्लीला असतं, एकाच इमारतीच्या मजल्यांना असतं. प्रत्येक माणूस कुणाच्या तरी वर राहतो आणि कुणाच्या तरी खाली. आपण खाली आहोत हे लगेच कळतं, कारण आजार आपल्याला होतो. आपण वर आहोत हे मात्र कळायची सोयच नसते. हेपेटायटिस एचा माणूस डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात जास्त विषाणू सोडतो. मला कावीळ झाल्याचं कळेपर्यंत माझ्याकडून जे जायचं ते गेलेलं होतं. खराडीच्या संडासातून पुढे ते कुठे गेलं, कुणाच्या ताटात पोचलं, ह्याचा शोध घेणारा कुठलाही स्लायडर माझ्याकडे नाही.

*

डेरेक पार्फिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या एका पुस्तकात एक कल्पना मांडली आहे. हजार छळणारे आहेत आणि हजार बळी. प्रत्येक छळणारा एक बटण दाबतो. त्या बटणाने प्रत्येक बळीच्या वेदनेत इतकी कमी भर पडते की ती जाणवतही नाही. हजारही जणांनी बटणं दाबली की बळी तळमळतात. आता एकेक छळणारा म्हणतो, माझ्या बटणाने तर कुणालाच काही फरक पडला नाही. पार्फिटचं म्हणणं असं की, आपल्या कृतीचा एकट्याने होणारा परिणाम दिसत नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. आपण सगळे मिळून काय करतो आहोत, हेही पाहावं लागतं.

हे वाचताना मला ते उदाहरण जरा ओढूनताणून वाटलं होतं. मग मला खरंखुरं बटण सापडलं.

मी राहतो त्या सोसायटीला स्वतःचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे, एसटीपी. मोठ्या सोसायट्यांना ते बंधनकारक असतं. पार्किंगच्या खाली, पंपांच्या शेजारी. एका रात्री गाडी लावताना तिथला नेहमीचा घरघराट ऐकू आला नाही. देखभाल करणाऱ्या माणसाला विचारलं. तो अगदी सरळपणे म्हणाला, "रात्री ब्लोअर बंद ठेवतो सर. बिल फार येतं." ब्लोअर म्हणजे टाकीतल्या जिवाणूंना हवा देणारा पंखा. हे जिवाणू मैला खातात. हवा तासन् तास बंद राहिली की ते मरतात, आणि मैला जसा येतो साधारण तसाच पुढे जातो. आमचा नाला मुळा-मुठेला मिळतो. नदीसुधारणेसाठी जपानच्या मदतीने होणारा मोठा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. मी इंजिनिअर झालो, तीन कंपन्या बदलल्या, तरी त्याचं काम पुरं झाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यावर मी मित्रांमध्ये तावातावाने बोलत असे. आणि माझ्या पायाखाली एक बटण रोज रात्री बंद होत होतं.

मी काय केलं? पहिले दोन महिने काहीही नाही. माझ्याकडे कारणं होती आणि ती चांगली होती. मी भाडेकरू, सभेत मला मत नाही. एका सोसायटीने नदीत काय फरक पडतो? एसटीपी सगळे विषाणू थोडेच मारते? मेंटेनन्स वाढला तर घरमालक भाडं वाढवेल. ह्यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पार्फिटच्या हजार जणांकडेही खरीच कारणं होती.

मग बहिणीच्या सोनोग्राफीचा फोटो आला, आणि मला आजीची जाऊ आठवली. मी घरमालकांना मेल लिहिला आणि त्यांच्यातर्फे सभेत बोलायची परवानगी मागितली. सभेत बोललो. दहा मिनिटं. पार्फिट नाही सांगितला. ब्लोअरचं वीजबिल प्रत्येक फ्लॅटमागे महिन्याला किती येतं तेवढं काढून दाखवलं. आम्ही एका ऑनलाइन पिझ्झ्याला देतो त्याहून ते कमी होतं. एक काका म्हणाले, "अहो, पण पाणी तर पुढे जातंच ना? आपल्याकडे थोडंच राहतं?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांच्या मनात पाणी सोसायटीच्या भिंतीपाशी संपत होतं.

*

आपल्या संस्कृतीला पाणी बाटण्याची भीती फार जुनी आहे. पण ती कुणाची होती आणि कशाची होती हे बघण्यासारखं आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या बरोबरच्या हजारो लोकांनी ओंजळीने पाणी प्यायलं. नंतर तिथल्या सवर्णांनी तळं शुद्ध केलं, ते गायीचं शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतून. माणसाच्या हाताने बाटलेलं पाणी शेणाने शुद्ध झालं. इतकी आपली शुद्धता आणि आपली स्वच्छता एकमेकींपासून लांब होत्या.

मला वाटतं, त्या शुद्धतेचा वारसा प्युरिफायरमध्ये उतरलाय. विटाळाचा विचार नेहमी विचारायचा की, माझ्या पाण्यात कुणाचा स्पर्श आला. माझा स्पर्श कुणाच्या पाण्यात गेला, हा प्रश्न त्याला कधीच पडला नाही. आजारपणातला "काय खाल्लंस, कुठं खाल्लंस" हा त्याच जातीचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न विचारणारे लोकही आपल्याकडे होतेच. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी माझं आहे म्हणजे त्याची जबाबदारी माझ्या भिंतीपाशी संपते, हे त्यांनी मान्य केलं नाही. गोष्ट पुण्यातली आहे, आणि मुठेच्या काठाने दीडशे वर्षांत किती पाणी वाहून गेलं हे म्हणायची आता लाज वाटते, कारण त्या पाण्यात काय होतं ते मला माहीत आहे.

मला सगळ्यात अडचणीचा वाटणारा मुद्दा शेवटी सांगतो. प्युरिफायर घ्यायचा नाही का? घ्यायचा. मावशींच्या सुनेला मिळत नाही म्हणून मी माझ्या बहिणीचा काढून घेणार नाही. तसं केल्याने कुणाचंच भलं होत नाही. पण तो घेतल्यावर माझ्यात एक बदल झाला, आणि तो मला दिसला. गल्लीतल्या पाइपचा माझा राग कमी झाला. मी सुटलो होतो. ज्यांच्याकडे ओरडायला आवाज आहे, तक्रार लिहायला लॅपटॉप आहे, नगरसेवकाला फोन करायला ओळख आहे, ते सगळे एकेक करून असे सुटतात, आणि मागे पाइप आणि मावशी उरतात. घरापुरत्या स्वच्छतेचा खरा खर्च हा आहे. ती वाईट नाही. पण ती आपल्याला त्या रांगेतून बाहेर काढते जिथे आपल्या उभं राहण्याचा इतरांना उपयोग होता. तेव्हा प्युरिफायर घेतला की रांगेत मुद्दाम, आठवणीने परत जाऊन उभं राहावं लागतं. गरज होती तेव्हा ते आपोआप व्हायचं. आता ते कर्तव्य म्हणून करावं लागेल, आणि म्हणूनच ते कठीण आहे.

बहिणीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. मावशींच्या सुनेलाही मुलगा झाला, तीही बरी आहे. दोन्ही गोष्टींत माझं कर्तृत्व किती आणि नशीब किती ते मला सांगता येत नाही. गल्लीतल्या पाइपबद्दल आम्ही चौदा घरांच्या सह्यांचं निवेदन दिलंय. त्यात पहिली सही आईची आहे. पाइप अजून तोच आहे. दर महिन्याला दौंडला गेलो की मी त्याची चौकशी करून येतो.

सोसायटीत ब्लोअर चोवीस तास चालवायचा ठराव झाला. मी रात्री उशिरा आलो की गाडीतून उतरल्यावर क्षणभर थांबतो आणि कान देतो. बहुतेक रात्री आवाज येतो. ज्या रात्री येत नाही, त्या रात्री मला वर जाऊन झोपावंसं फार वाटतं.